न निघणारी लाल माती

मी वृषालीच्या पायांवर वीट घासली. हे आधीच सांगते, म्हणजे मला चांगली समजायची चूक तुम्ही करणार नाही.

आमच्या तालमीचा नियम आहे. सराव संपला की जोडीदारानं जोडीदाराचे पाय धुवायचे. वृषाली माझी जोडीदार. नुसता हात धरला तरी तिच्या अंगावर निळा डाग उठायचा, म्हणून मी तिला ‘काचेची बाहुली’ म्हणायचे आणि सगळी तालीम हसायची. त्या दिवशी तिच्या नडगीवरचे लाल ठिपके पाण्यानं जाईनात, साबणानंही जाईनात. मला वाटलं, कुस्तीच्या हौदातली लाल माती.

“घरी पाय घासायला नको तुला, आळशी कुठली,” असं म्हणून मी विटेचा तुकडा उचलला.

नखाएवढं खरचटलं. अर्धा तास झाला तरी रक्त थांबेना. बापूवस्तादांनी तिला उचलून आरोग्य केंद्रात नेलं. मागून मी.

तिथं तपासणी करणारा यंत्रमानव आहे. आम्ही त्याला सुईताई म्हणतो. तिनं आधी जखम दाबून बांधली. मग काचेचा पेला ठिपक्यांवर दाबून मला आत बघायला लावलं. साधी पुरळ दाबली की फिकी होते, कारण तिथलं रक्त रक्तवाहिन्यांच्या नळ्यांमध्येच असतं, बाजूला सरकतं. हे ठिपके तसेच लाल राहिले. म्हणजे रक्त नळ्यांबाहेर, कातडीखाली आलं होतं.

मग तिनं रक्त तपासलं. टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात दीड लाखाच्या वर प्लेटलेट (जखमेचं भोक बुजवणारे पेशींचे बारीक तुकडे) हव्यात. वृषालीच्या होत्या आठ हजार. “रक्ताचा कर्करोग?” वस्तादांनी विचारलं. पण भिंगाखाली तांबड्या-पांढऱ्या पेशी ठीक होत्या, प्लीहा (रक्त गाळणारा पोटातला अवयव) सुजलेली नव्हती. म्हणजे रक्ताचा कर्करोग दिसत नव्हता. शेवटी सुईताईनं विचारलं, ताप कधी आला होता? तीन आठवड्यांपूर्वी, वृषाली म्हणाली.

“तापाच्या जंतूंशी लढताना शरीर शत्रूवर खूण चिकटवतं. तिला अँटिबॉडी म्हणतात. वृषालीच्या शरीरानं ती चुकून स्वतःच्या प्लेटलेटवरच चिकटवली. खूण दिसली की प्लीहा त्यांना खाऊन टाकते,” सुईताई म्हणाली.

“आपल्याच माणसांना?” मी विचारलं.

“हो. नीट न बघता.”

ती रक्ताबद्दल बोलत होती. माझी मान खाली गेली.

वृषालीला मोठ्या दवाखान्यात औषध मिळालं. बहुतेक मुलांचं हे काही महिन्यांत बरं होतं, तोवर कुस्ती बंद. मी तिच्या घरी गेले, सगळ्यांसमोर विटेचं सांगितलं. तिनं पाय पांघरुणाखाली ओढून घेतले. तेच बरोबर होतं.

आता तालमीत खुंटीशेजारी काचेचा पेला असतो. पाय धुतल्यावर कुणाच्या अंगावर ठिपके राहिले, तर आधी पेला लावून बघायचा.

चार महिन्यांनी वृषाली आली. प्लेटलेट दोन लाख. हौदात उतरण्याआधी तिनं पेला माझ्या हातात दिला आणि पाय पुढं केला.

“बघ. पण हळू.”