येडबाचं दांडकं

पोरी, कंदील जरा इकडं सरकव. तू विचारलंस म्हणून सांगतो. तुझ्या जन्माच्या सांजेची गोष्ट आहे.

तुझे आजोबा माणिकराव, त्यांची जीप मी चालवायचो. आखाडा, म्हणजे त्यांचं शेतावरचं घर, देवगाव फाट्यापासून लांब आत, काळ्या रानात. पाऊस झाला की चाकांतली हवा थोडी सोडून चिखल ओलांडायचा आणि फाट्यावर पंपानं पुन्हा भरायची. माझ्या आधीचा ड्रायव्हर येडबा हवा कानानं ओळखायचा. मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात करून बाभळीच्या दांडक्यानं चारही चाकं ठोकायचा. आवाज टणक आला तर ठीक. बद्द आला तर चाक खोलायचं. सगळं ठीक असलं की दाराच्या पत्र्यावर एकदा वाजवायचा. म्हणजे निघायचं.

जॅक घसरून तो त्याच जिपेखाली गेला. दांडकं मीच त्याच्या चितेवर ठेवलं.

पुढं मालकांनी विचारलं, "लिंबाजी, हवा मोजायची कांडी मिळती हैदराबादला. आणू, का तुलाबी दांडकंच पायजे?"

"कांडीच आणा, मालक. माझे कान काय येडबाचे न्हाईत."

तुझी आई मनकर्णा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. झड लागलेली. दुपारून कळा सुरू झाल्या आणि सुईण सुलाबाई बाहेर येऊन म्हणाली, "मूल आडवं हाय. सेलूला न्या, न्हाईतर दोघंबी जायचे."

चिखल कसाबसा ओलांडला. फाट्यावर आलो तेव्हा अंधारून आलं होतं. नामांतराच्या भांडणाची वर्षं ती. एरवी तिथं पोलीस असायचे, त्या सांजेला कुत्रंसुद्धा नव्हतं. ओल्या मातीचा आणि तापलेल्या इंजिनाचा वास तेवढा. मी हवा भरली, कांडी लावली. चारही चाकं बरोबर. आत येऊन बसलो.

ठक... मागं उजवीकडं. टणक.

ठक... मागं डावीकडं.

मालक वैतागले. "कांडी आणली तरी ठोकायची खोड जाईना का तुझी?"

"मालक... मी तर इथं बसलोय."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात त्यांच्याच पायाजवळच्या चाकावर आवाज आला. बद्द. त्यांनी पाय वर ओढून घेतला. मग माझ्या बाजूचं चाक वाजलं, टणक. मी दाराकडं कान लावून बसलो. दार वाजलं नाही.

मी उतरलो, पुन्हा कांडी लावली. हवा बरोबर. रस्त्यावर कुणी नाही.

"चल बाबा," मालक म्हणाले. "चाक बदलत बसलास तर लेक जाईल माझी..."

मागून तुझी आजी नर्मदाबाई रडायला लागल्या. पण मनकर्णा दातओठ खात बोलली, "बदला काका... येडबाकाका हाय त्यो."

मी चाक खोललं. आतल्या अंगाला टायर चिरलेला आणि त्या फटीतून ट्यूब बेडकाच्या गळ्यासारखी फुगून बाहेर आलेली. पुढं लगेच ओढ्याचा पूल होता, बिनकठड्याचा.

स्टेपनी चढवून बसलो. पुन्हा ठक... ठक... चारही टणक. आणि माझ्या कोपराला लागून, पत्र्यावर, एकदा.

मी गाडी सोडली. बाजूला वळून पाहायची हिंमत झाली नाही. सेलूत डॉक्टरांनी तुला मोकळं केलं. तू लय उशिरा रडलीस, पण रडलीस.

त्यानंतर कधी काही वाजलं नाही. या चैत्रापर्यंत. गेल्या पंधरवड्यापासून दिवेलागणीला माझ्या पलंगाचे पाय वाजायलेत. उशाकडच्या उजव्या पायापासून. तीन टणक, एक बद्द. सुतारानं पाहिलं, लाकूड पक्कं आहे म्हणाला. पावसाचा थेंब नाही, तरी पलंगाच्या पायांना ओली काळी माती लागलेली असते. पूस, पुन्हा लागते.

आज तू यायच्या जरा आधी वाजले, पोरी. चारही टणक. आता निघायचं ते एकदा वाजायचं तेवढं राहिलंय.

तू बोलू नकोस थोडा वेळ. ह्या उशाच्या फळीकडं कान दे.