लिव्हरवरचा हात

विश्वास ठेवा नाहीतर हसा, पण हे माझ्या सख्ख्या मामाबरोबर घडलंय. रात्री-बित्री नाही. संध्याकाळी, चांगल्या उजेडात, घाटाच्या शेवटच्या उतारावर.

मामा ट्रक चालवतो. त्याचा गिअरबॉक्स कामातून गेला, तेव्हा मिस्त्रीने अपघातातल्या एका गाडीचा काढून बसवला.

"तिचा ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करायचा. त्यातच गेला," मिस्त्री म्हणाला.

मामा हसला. "माणूस मेला, गिअर तर जिवंत आहेत ना?"

त्या दिवशी शेजारी मामी होती. मागे गच्च फरशा. मामाने माथ्यावरच दुसरा गिअर टाकला. ज्या गिअरने चढायचं, त्यानेच उतरायचं, ही त्याची शिस्त. खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, कोकलतं, पण चाकांना धरून ठेवतं.

अर्ध्या उतारावर...

इंजिनाचं कोकलणं थांबलं.

वेगाचा काटा मात्र चढतच होता.

गिअर आपोआप सुटला होता. मामाने पुन्हा दुसरा टाकून पाहिला. नुसती करकर. एवढ्या वेगाला दुसरा पडणारच नव्हता. ब्रेकचा जळका वास यायला लागला. त्याने चौथा रेटला, तो पडला.

आणि त्याच्या तळव्याखाली...

आधीच एक हात होता.

थंडगार. गिअरचा लिव्हर न्यूट्रलकडे ओढणारा.

"अहो, काय झालं?"

"धर हे. दोन्ही हातांनी. काही झालं तरी सोडू नकोस."

मामीने धरलं. मामाने स्टिअरिंग सांभाळलं. वेग जरा उतरला तसा त्याने तिच्या हातांवरूनच तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन पुन्हा कोकललं आणि मामाच्या जिवात जीव आला.

पायथ्याशी गाडी थांबली.

"वाचलो गं," तो म्हणाला.

मामीचे दोन्ही हात अजून लिव्हरवर आवळलेले होते.

तिची बोटं सोडवताना लोकांना घाम फुटला. अंगावर साधा ओरखडा नव्हता. जीव तेवढा नव्हता.

मामाने ना गाडी विकली, ना गिअरबॉक्स बदलला. आजही तोच उतार उतरतो. म्हणतो, लिव्हरवर आता दोन हात असतात. एक ओढतो, दुसरा दाबून धरतो.

मी त्याच्या गाडीत पाय ठेवत नाही. पण परवा राहवलं नाही.

"मामा, मामीला सांग ना, आता सोड म्हणून. सुटेल बिचारी."



"मग मी खाली कसा उतरू?"