मागचं डावं दार

वाचून तुम्ही हसलात तरी चालेल. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. पण हे माझ्या, तेव्हा दीड महिन्याच्या, लेकीच्या बाबतीत घडलंय. त्यात एक शब्द वाढवून सांगायची माझी हिंमत नाही.

गेल्या वर्षीचा मार्च. मंगळवार. सोनपेठच्या बाहेर, नदीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं एक पत्र्याचं शेड.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. दुपारचे बारा वाजले होते आणि डोक्यावर लख्ख ऊन होतं.

मी बालाजी. परभणीत बियाण्यांच्या दुकानात कामाला आहे. बायको राजेश्री बाळंतपणाला माहेरी, सोनपेठला होती. शुक्रवारी तिला आणि बाळाला परभणीला आणायचं होतं, तेही स्वतःच्या गाडीतून. त्यासाठी मी राणीसावरगावच्या रामप्रसादकडून त्याची वापरलेली गाडी घेतली होती.

गाडी झकास होती. फक्त मागच्या डाव्या दाराला मोठा पोचा होता.

"रोही आडवा आला भाऊ," रामप्रसाद म्हणाला होता. "रानातलं जनावर. त्याला काय कळतंय?"

आमच्याकडं रोही, म्हणजे नीलगायी, रस्त्यावर येतातच. मी विश्वास ठेवला.

आता माझा शहाणपणा ऐका. आधीच ठोकलेली गाडी जावयानं विकत घेतली, हे सासरी कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी सासऱ्यांना ठोकून दिलं, की गाडी घेतली तेव्हा तिला ओरखडासुद्धा नव्हता. रोही धडकला तो माझ्याच हातून.

एवढीशी फुशारकी. तीच अंगाशी आली.

आधी मी परभणीतल्या एका मोठ्या वर्कशॉपात गेलो होतो. काचेचं ऑफिस, थंडगार हवा. तिथल्या बाईंनी दाराचे फोटो काढले आणि म्हणाल्या, "अख्खं दार बदलावं लागेल सर. आठ दिवस."

पोचा कशाचा, हे त्यांनी विचारलंही नाही. तिथंच गाडी टाकली असती, तर ते दार भंगारात गेलं असतं आणि मी आज सुखानं झोपलो असतो.

पण शुक्रवार तीन दिवसांवर होता. सासरे म्हणजे आमचे मुंजाजीमामा. ते म्हणाले, "जावईबापू, दार बदलायचं कशाला? आपला भुजंग मिस्त्री हाय की. संध्याकाळपस्तोर पत्रा सरळ करून देतो. पोचा कुठं व्हता ते तुमालाच सापडायचं न्हाई."

म्हणून त्या मंगळवारी आम्ही दोघं त्या शेडमध्ये उभे होतो.

भुजंग मिस्त्री साठीचा, वाळलेल्या अंगाचा माणूस. एकटाच काम करायचा. त्याचा एक नियम होता. अपघाताची गाडी असली, की हातोडी उचलण्याआधी मालकानं पोच्यावर तळहात ठेवायचा. काय धडकलं आणि कुणाच्या हातून, ते खरंखरं सांगायचं. मगच काम सुरू.

"लोकं हसतेत," तो म्हणाला. "हसू द्या. माझ्या बापानं बी असंच विचारलं, मी बी विचारतो."

मी हसतच हात ठेवला.

गाडी शेडबाहेर तासभर उन्हात उभी होती, पत्रा तापलेला असणार. चटका बसायला हवा होता...

पत्रा गार होता. माठाला हात लावावा तसा गार.

मामा शेजारीच उभे होते. आता माघार कशी घ्यायची?

"रोही होता," मी म्हणालो. "माझ्याच हातून."

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिला. मग "बरं" म्हणून खाली बसला.

पोचा काढताना आतून लोखंडी ठोकळा धरतात आणि बाहेरून हातोडी मारतात. मिस्त्रीनं अजून ठोकळा घेतलाच नव्हता. तो पोत्यावर पडलेला मला दिसत होता. पत्र्याचा अंदाज घ्यायला त्यानं बाहेरून दोन हलके ठोके दिले.

ठक्. ठक्.

तो थांबला. आणि...

ठक्. ठक्.

आतून.

"आत कोण हाय?" मामांनी विचारलं.

मिस्त्रीनं दार उघडलं. सीट रिकामी होती. त्यानं दार लावलं आणि पुन्हा एकच ठोका दिला.

आतून एकच ठोका आला.

मिस्त्री हातोडी खाली ठेवून उभा राहिला.

"पाव्हणं, एकडाव इच्यारतो. रोहीच व्हता? तुमच्याच हातून?"

खरं सांगायची ती वेळ होती. पण मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी छाती काढून म्हणालो, "तर! खोटं कशाला बोलू?"

त्यानंतर आतून आवाज आला नाही. संध्याकाळपर्यंत दार नव्यासारखं झालं.

शुक्रवारी चारच्या सुमारास आम्ही सोनपेठहून निघालो. राजेश्री बाळाला मांडीवर घेऊन मागं बसली होती. डाव्या बाजूला. बाळ सारखं रडत होतं.

गाव मागं पडलं आणि बाळ एकदम गप्प झालं.

"झोपली का?" मी विचारलं.

"न्हाई. जागीच हाय. दाराकडं बघायलीय."

आणि तेव्हा...

ठक्. ठक्.

"अहो," राजेश्री म्हणाली, "बाहेरून कुणीतरी दार वाजवायलंय."

गाडी साठच्या वेगानं पळत होती.

मी आरशात पाहिलं. दोन्ही बाजूंना नुसती शेतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी गाडी थांबवली नाही. परभणी येईपर्यंत तो आवाज थांबत होता, पुन्हा येत होता. राजेश्री सरकत सरकत उजव्या दाराला चिकटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खोलीचं दार वाजलं. दोन ठोके. उघडलं तर कुणी नाही.

दुपारी पुन्हा. कुणी नाही.

रविवारी सकाळी आवाज दाराचा नव्हता. पाळण्याच्या लाकडाचा होता.

आणि बाळ रडत नव्हतं.

शुक्रवारच्या त्या प्रवासापासून ती एकदाही रडली नव्हती. भुकेला नाही, ओली झाली तरी नाही. डोळे उघडे ठेवून पाळण्याच्या कडेकडं बघत पडायची. दूध ओठावरून खाली यायचं. शनिवारी डॉक्टरांनी तपासलं. "सगळं नॉर्मल आहे," म्हणाले. दूध घेत नाही म्हटल्यावर सोमवारी पुन्हा आणायला सांगितलं.

राजेश्री तिच्या तळपायाला टिचक्या मारत होती. "रड गं माय... एकडाव रड."

मला ते बघवलं नाही. मी गाडी काढली आणि एकटाच सोनपेठला गेलो.

भुजंग मिस्त्री शेडमध्येच होता. मी त्याच्या पायाशी बसून सगळं कबूल केलं. गाडी आधीच ठोकलेली होती, पोचा माझा नव्हता, सासऱ्यांपुढं मोठेपणा केला.

"रोही दार वाजवत न्हाई, पाव्हणं," तो म्हणाला. "मी तवाच वळखलं व्हतं. म्हणून तर दोनदा इच्यारलं."

"मग काय होतं ते?"

"ज्याच्या हातून झालं त्यालाच ठाऊक. तुमी हात ठेवून ते आपल्या अंगावर घेतलंत. आता तसाच हात ठेवायचा अन् ज्याचं हाय त्याचं नाव घ्यायचं."

"नाव घेतलं की ते त्याच्याकडं जाईल?"

मिस्त्री दुसरीकडं बघायला लागला.

रामप्रसादला एक मुलगी आहे. बबिता. पहिलीत जाते. हे मला माहीत होतं. दाराजवळ उभा राहिलो तेव्हा तीच डोळ्यांसमोर होती, हे मी लपवत नाही. कदाचित रामप्रसादही खोटं बोलला नसेल. कदाचित त्यानंही ती गाडी दुसऱ्या कुणाकडून घेतली असेल. मी फोन करून विचारू शकत होतो.

विचारलं नाही. भीती वाटली, की तो "माझ्या हातून न्हाई" म्हणाला तर मी कुणाचं नाव घेऊ?

मी पत्र्यावर हात ठेवला. तो तसाच गार होता. रामप्रसादचं नाव घेतलं. त्याच्या बापाचं घेतलं. गावाचं घेतलं.

तळहाताखाली पत्रा हळूहळू तापायला लागला...

पाच मिनिटांत राजेश्रीचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं. मागून बाळाचा टाहो ऐकू येत होता. मी तिथंच मातीत बसलो आणि ढसाढसा रडलो.

त्यानंतर आमच्या घरात ठोका ऐकू आला नाही.

तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाला, रामप्रसादचा फोन आला.

"बालाजीभाऊ, एक इच्यारायचं व्हतं. आमची बबी परवापासून बोलंना झालीय. जेवंना. नुसती दाराकडं बघत बसलीय. अन् घरात कायतरी वाजायलंय... तुमच्या वळखीचं कुणी जाणतं माणूस हाय का?"

माझ्या जिभेवर भुजंग मिस्त्रीचं नाव आलं होतं.

पण तिथं गेल्यावर त्याला सगळं कळलं आणि याच गाडीच्या दारावर हात ठेवून त्यानं माझं नाव घेतलं तर?

"न्हाई भाऊ," मी म्हणालो. "माझ्या वळखीचं कुणीच न्हाई."

तेवढ्यात पाळण्यात आमची लेक रडायला लागली. चांगली मोठ्यानं.

"तुमची रडायलीय वाटतं," रामप्रसाद म्हणाला. "लय बरं वाटलं ऐकून."

मी फोन कट केला. त्यानंतर त्याचे बरेच फोन आले. मी एकही उचललेला नाही.