लाइनवरचं उत्तर

“नंबर सांगा,” रग्ना म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या माणसाला वाटलं, ही आपल्यालाच विचारतेय. बाहेर पाऊस आणि बर्फ यांची सरमिसळ चालली होती, त्याच्या टोपीतून पाणी ठिबकत होतं आणि बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल होता.

“माझा नंबर?” तो म्हणाला. “आधी नाव विचारायची पद्धत आहे आमच्याकडे.”

रग्नाने मान न वळवता नुसता हात वर केला — थांबा. समोरच्या टेलिफोन जोडायच्या लाकडी फळीतून एक दोरी उपसली, दुसऱ्या भोकात खुपसली, हँडल फिरवलं. दोन लांब घंटा, एक आखूड. मग कानावरचा हेडफोन सरकवून ती वळली, आणि वळल्यावर मात्र जरा जास्तच वेळ बघत राहिली.

“हं, आता तुम्ही. कोण हवंय?”

“ट्रॅक्टर हवाय. माझा ट्रक तुमच्या गावाच्या खड्ड्यात पडलाय.”

“खड्डा गावाचा नाही, ओलाफच्या शेतातला आहे. तोच काढेल. त्याला सवय आहे.”

तिने ओलाफला घंटा दिली. ओलाफ ‘हॅलो’ म्हणायच्या आत लाइनवरून एक बायकी आवाज आला, खोलीभर ऐकू जाईल असा. “रग्ना, कोण आलंय गं? दिसायला कसा आहे?”

“भिजलेला आहे, गर्डाकाकू,” रग्ना शांतपणे म्हणाली. “ओलाफ, ट्रॅक्टर घेऊन ये.”

तो हसायला लागला. एमिल मारेक त्याचं नाव, मिनियापोलिसचा. ट्रॅक्टर येईपर्यंत तिने त्याला कॉफी दिली, वर लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, लोणी-साखर लावून. तीन लेफ्से संपल्यावर तो चुळबुळत म्हणाला, “एक सांगायचं राहिलं... ट्रकमध्ये जे यंत्र आहे ना, ते आपोआप फोन जोडतं. तुमच्या या फळीच्या जागी बसवायचंय.”

रग्नाने ताटली उचलली.

“मग खड्ड्यातच राहू द्यायला हवं होतं,” ती म्हणाली. पण चौथी लेफ्से वाढली.

नॉर्थ डकोटातल्या नेसदालमध्ये तेव्हा एका तारेवर दहा-दहा घरं होती. घंटा सगळ्यांकडे वाजायची. प्रत्येकाची खूण वेगळी, म्हणजे ज्याचा फोन त्याने उचलावा. उचलायचे सगळेच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. थंडीत सहा महिने घरात कोंडलेल्या माणसांनी दुसरं करायचं तरी काय? कोण ऐकतंय हेही सगळ्यांना कळायचं. ओलाफचा दमा ऐकू यायचा, पाद्रीबाईंचं शिवणयंत्र थांबायचं, आणि गर्डाकाकूंची पिंजऱ्यातली पिवळी कॅनरी फोन उचलला की गायलाच लागायची.

त्यामुळे नेसदालचा माणूस फोनवर कधी मनातलं बोलत नसे. आर्विडची बायको शहरातल्या हॉस्पिटलात होती. तो रोज फोन करून सांगायचा, “इकडे ठीक आहे. गाय व्याली. तू आरामात ये.” आणि रविवारी दोन तास गाडी हाकत जाऊन तिच्या उशाशी रडायचा. रग्नाने हे एमिलला सांगितलं तेव्हा तो चकितच झाला.

“मग फोन कशाला ठेवलेत तुम्ही?”

“गाय व्याली हे सांगायला,” रग्ना म्हणाली. “मनातलं बोलायचं तर उठून जावं लागतं. आमच्यात तशीच रीत आहे.”

यंत्र बसलं धान्याच्या कोठाराशेजारच्या विटांच्या खोलीत. कोणत्या तारेवर कोण, कुणाची घंटा कशी, हे गावात एकट्या रग्नाला तोंडपाठ होतं, म्हणून गावपंचांनी तिलाच मदतीला दिलं. दुपारी घरी फळीवर तिची आई बसायची आणि रग्ना त्या खोलीत. तो तारा जोडायचा, ती नावं सांगायची.

“हा कोण?”

“हाल्वर. एक आखूड, एक लांब, एक आखूड. बायको माहेरी गेली की लाइनवर गुणगुणतो.”

“आणि तुझी घंटा?”

“मला कशाला घंटा? मीच तर वाजवते सगळ्यांच्या.”

“आता तुला असेल,” एमिल म्हणाला. तो कधी ‘तू’वर आला ते दोघांनाही कळलं नव्हतं. “इकडे ये. हात दे.”

त्याने तिचा हात त्या लोखंडी कपाटावर ठेवला, वर आपला, आणि दुसऱ्या हाताने तपासणीच्या फोनची तबकडी फिरवली. आत काहीतरी सरसर चढलं, टकटक करत आडवं सरकलं आणि थांबलं. तिच्या तळव्याला ते कळलं. त्याचा हात गरम होता. काम झालं तरी त्याने तो काढला नाही, आणि तिनेही काढून घेतला नाही...

“सापडली लाइन,” तो हळूच म्हणाला. “तारा त्याच, घरंही तीच. पण आता ज्याचा फोन त्याच्याच घरी घंटा. आणि एकाने उचलला की हे यंत्र बाकी सगळ्यांना बाहेर ठेवतं. कुणी मध्ये येऊ शकत नाही, रग्ना. कुणीच नाही.”

“गर्डाकाकूंना ओळखत नाहीस तू अजून,” ती हसून म्हणाली. तिचं सगळं लक्ष हाताकडे होतं. त्याने नंतरही दोनदा-तीनदा हेच समजावलं, तिने मान डोलावली. लहानपणापासून भरलेली लाइन ऐकलेल्या माणसाला रिकामी लाइन म्हणजे काय, ते सांगून कळत नाही.

नोव्हेंबर लागला. तो तिला घरापर्यंत सोडायला यायचा. वाटेतल्या प्रत्येक खिडकीचा पडदा हलायचा. एकदा फाटकाशी थांबून तो म्हणाला, “तुला एक विचारायचंय.”

“विचार ना.”

“इथे नको. गर्डाकाकू खिडकीत आहेत, ओलाफ उगाचच ट्रॅक्टर पुसतोय. यंत्र चालू झालं की विचारीन.”

“पळून जाशील तोवर.”

“गेलो तर तुला घेऊन जाईन,” तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. त्या रात्री रग्नाने उत्तर ठरवूनही टाकलं. आईच्या सोबतीला तिची बहीण येऊन राहणार होती, फळी तर जाणारच होती. ‘हो’ म्हणायला तिला काही आडवं येत नव्हतं.

यंत्र सुरू झालं त्या सकाळी शाळेला सुट्टी दिली होती. सरपंचाने पाद्रीबाबांना पहिला फोन केला, हवा बरी आहे असं सांगितलं, टाळ्या पडल्या. रग्ना घरी आली. फळीच्या जागी आता एक काळा फोन होता. ती कोट काढतेय तोच तो वाजला.

“रग्ना? मी एमिल. यंत्रापाशीच आहे.”

“बोला,” ती म्हणाली. लाइनवर ती त्याला अहोच म्हणायची.

“मला दुपारीच निघायचंय, मोंटानात पुढचं काम तयार आहे. म्हणून आत्ताच... रग्ना, माझ्याशी लग्न करशील? आज नाही, नाताळच्या आत येऊन तुला घेऊन जाईन. मला... मला तुझ्याशिवाय करमणार नाही गं.”

इतकं गोड तिच्याशी कुणी कधी बोललं नव्हतं, आणि हा वेडा ते अख्ख्या गावासमोर बोलत होता! पहिला दिवस, म्हणजे आज झाडून सगळ्यांनी उचलला असणार. दम्याचा आवाज नाही, म्हणजे ओलाफने श्वास धरलाय. कॅनरी गप्प, म्हणजे काकूंनी पिंजऱ्यावर फडकं टाकलंय. एवढी तयारी करून ऐकतायत मेले!

“विचारलंत, आभारी आहे,” ती म्हणाली. “मला इथे बरं आहे.”

“एवढंच?”

“थंडी वाढलीय. आईचे गुडघे धरलेत.”

“रग्ना, हे तुझं उत्तर आहे?”

“हो. दुसरं काय असणार?” तोंडाने ती हे म्हणत होती आणि मनात म्हणत होती, ये ना आता, चार घरं तर ओलांडायचीत, दारातच सांगते तुला.

“बरं,” तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. “मग... नीट राहा.”

“तुम्हीही.”

फोन ठेवला आणि ती धावली. कॉफी चढवली, निळा स्वेटर घातला, केस सोडले, पुन्हा बांधले, पायरीवरचा बर्फ झाडला. झाडू हातात असतानाच तिला ट्रक दिसला. कोठारापाशी वळला, आणि तिच्या घराकडे न येता सरळ हमरस्त्याला लागला. पेट्रोल भरायला गेला असेल, असं म्हणत ती दारात उभी राहिली. थंडीने बोटं वळेनाशी झाली तेव्हा आईने तिला आत नेलं.

हिवाळा रागात गेला. “फोन करून विचार की त्याला,” आई म्हणायची. “मी काय विचारू? दारापर्यंत यायचे कष्ट झाले नाहीत त्याला,” रग्ना म्हणायची, आणि दुधाच्या डेअरीतल्या नव्या नोकरीवर जाऊन लोण्याचे डबे असे आपटायची की मालक वाटेतून बाजूला व्हायचा. तिला वाटायचं, ही सगळी आपली फजिती गावाने ऐकलीय. कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं, याचा तिने चांगुलपणा असा अर्थ लावला.

बर्फ वितळला. चर्चच्या तळघरात जेवण होतं, आणि कॉफीच्या मोठ्या भांड्यापाशी गर्डाकाकू तिच्या शेजारी उभ्या होत्या.

“हे यंत्र आलं आणि गावाचा जीव गेला बघ,” काकू म्हणाल्या. “पहिल्या दिवशी तर उचलून उचलून माझा हात भरून आला. नुसती भुणभुण, माणसाचा आवाजच नाही! अगं, तो तुझा एमिल जाताना काही बोलला की नाही, तेसुद्धा मला ठाऊक नाही. सहा महिने जीव टांगणीला लागलाय माझा. केला होता का गं त्याने फोन?”

रग्नाने हातातला कप खाली ठेवला. काकू काहीतरी बोलत होत्या. म्हणजे त्या दिवशी कुणी ऐकत नव्हतं. कुणीसुद्धा नाही. तो एकटा होता तिकडे आणि ती एकटी इकडे, आणि त्याला ते माहीत होतं. ती जे गावासाठी बोलली ते त्याने आपल्यासाठी म्हणून ऐकलं होतं. तिला स्वतःचाच इतका संताप आला की रडूसुद्धा येईना.

“केला होता,” ती म्हणाली आणि कोट न घेताच घरी आली.

तिने फोन लावल्यावर त्याच्या कंपनीने गावाचं नाव सांगितलं, काल्डर, मोंटाना. तिथे अजून जुनीच फळी होती. तो तीच बदलायला गेला होता. तिथल्या फोनवाल्या बाईने घंटा दिली. टक, टक, टक... एकामागून एक फोन उचलल्याचे आवाज रग्नाने ओळखले.

“हॅलो?”

“एमिल, मी रग्ना.”

“कशी आहेस?” त्याने विचारलं. “मी बरा आहे. इकडे पाऊस चांगला आहे.”

काल्डरमध्ये राहून लाइनवर मनातलं न बोलणं तोही शिकला होता.

“मला ‘हो’ म्हणायचं होतं,” रग्ना म्हणाली. “त्या दिवशी. मला वाटलं, सगळे ऐकतायत. तू घरी येशील आणि मी दारात सांगीन, म्हणून मी कॉफी ठेवून बसले होते. माझं प्रेम होतं तुझ्यावर. आहे.”

“रग्ना, लाइनवर माणसं आहेत.”

“असू देत.”

“मी किती वेळा सांगितलं होतं तुला...” मग तो हळू म्हणाला, “जूनमध्ये लग्न आहे माझं. इथल्या शाळेतली शिक्षिका आहे. तिचं घर... याच तारेवर आहे.”

लाइनवर कुणाचा तरी श्वास अडकल्यासारखा झाला. रग्नाने आयुष्यभर श्वास ओळखले होते. हा तरुण बाईचा होता.

“ताई, ऐकताय ना तुम्ही?” ती म्हणाली. “ठेवू नका. मला भांडायचं नाही. फक्त एक सांगा. याने विचारलं तेव्हा तुम्ही काय केलंत?”

एक आवाज आला, घाबरलेला, पण स्पष्ट.

“मी लगेच ‘हो’ म्हटलं. फोनवरच. सगळे ऐकत होते.”

“बरं केलंत,” रग्ना म्हणाली. आणि तिने फोन ठेवला.