आक्काच्या पायाखालचा जास्पर

वडगावात विणकरांच्या मागांची खडखड सुरू झाली, की तम्मण्णाचं दगड घासायचं चाकही फिरायला लागायचं. या वेळचं काम घरचंच होतं. येळ्ळूरच्या विठ्ठल देवळाचा मंडप नवा झाला होता आणि कीर्तनकार उभा राहतो त्या जागी बसवायला एक फरशी हवी होती. तिच्यावर पहिलं कीर्तन इंदुताईचं, म्हणजे तम्मण्णाच्या थोरल्या बहिणीचं. आक्का उभी राहिली, की पोरंसुद्धा मोबाइल खिशात घालून ऐकायची. पण तापातून उठल्यापासून तिचा आवाजच गेला होता. डॉक्टर म्हणाले, गळ्यात दोष नाही. तरी कुजबुजीपलीकडे काही उमटत नव्हतं. या कीर्तनालाही आवाज आला नाही, तर चिपळ्या कायमच्या देवापुढं ठेवायच्या, असं तिनं ठरवलं होतं.

दगड तम्मण्णानं मन लावून निवडला. गुजरातेतला रंगीबेरंगी जास्पर देखणा, पण त्यात ढगाळ डाग फार. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या पोटात मिळतो तो हिरवा. त्याचे एवढे मोठे तुकडे निघत नाहीत. शेवटी संडूरकडचा तांबडा घेतला. मेणासारखा घट्ट, उजेड आरपार जाऊ न देणारा, मधून लोखंडाचे करडे पट्टे. त्यावर चाकूचं टोक ओढलं, तर ओरखडा न उठता पोलादाचीच रेघ राहिली.

घासून झाल्यावर त्यानं नेहमीसारखा बुक्का पसरला आणि तळहातानं पुसून घेतला. सपाटी तपासायला बाकीचे काजळी वापरत, हा देवाचा बुक्का. खोलगट जागी काळं राहतं.

काळं राहिलं. दोन लांबट डाग.

"पट्टं जास्त खाल्लं चाकानं," तो पुटपुटला. लोखंड जास्परआधी झिजतं. हात घाईला आला की असं होतं. पण हे खळगे करड्यावरून आणि तांबड्यावरून सारखेच गेले होते. त्यानं पुन्हा घासलं. लोखंडी पट्टी आडवी धरून पाहिली, कुठं फट नाही. जेवून आला आणि परत बुक्का फिरवला.

डाग तिथंच. आता बोटंही दिसत होती. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

तशी करंगळी त्यानं लहानपणापासून एकाच पायाला पाहिली होती, आक्काच्या.

दुसऱ्या दिवशी आक्का दगड बघायला आली, तेव्हा त्यानं घाईघाईनं वर गोणपाट टाकलं.

"लपवतोस काय रं?" ती कुजबुजली. "चाक वाकडं गेलं का डोळा?"

"न्हाय गं. आक्का, तू ह्याच्यावर कधी उभी राहिलीस काय?"

"आज पयल्यांदाच आलेय न्हवं?"

तिनं गोणपाट सारलं. वाकून त्या करंगळीच्या डागावरून बोट फिरवलं. शेजारचे माग तेवढ्यात लाइट गेल्यामुळं बंद पडले.

"आता घासू नकोस," ती म्हणाली. "तसाच बसव."

कीर्तनाच्या दिवशी मंडप भरला. आक्कानं पदर खोचला, चिपळ्या घेतल्या आणि फरशीवर पाऊल टाकलं. डब्याला झाकण बसावं तशी पावलं बसली.

तिनं तोंड उघडलं. नुसता श्वास आला.

माणसं खाली बघू लागली. पुढं बसलेली गुणाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं आक्का, आमी म्हणतो."

आक्कानं मान हलवली. चिपळ्या वाजवल्या.

आधी तिच्या टाचा थरथरल्या. मग गुडघे. मग खांबाशी उभ्या तम्मण्णाच्या तळपायांनाही ती थरथर जाणवली.

"विठ्ठल!"

पूर्वीसारखाच भरदार आवाज. गुणाबाई रडत रडत हसायला लागली. संध्याकाळ होईतो आक्का गात होती.

आरती झाली, माणसं प्रसादाला गेली. तम्मण्णा फरशी पुसायला वाकला. कपाळांवरचा बुक्का सगळीकडे सांडला होता. त्यानं तळहात फिरवला. आक्काच्या पावलांत काळं राहिलं.

पुढच्या बाजूलाही राहिलं.

दोन पावलं. शेजारीशेजारी, अगदी सरळ, विटेवर असतात तशी जुळलेली. बोटं आक्काकडं. कीर्तनभर त्या जागी कुणीच उभं नव्हतं.

त्यानं हात टेकला. आक्काच्या पावलांची जागा गार झाली होती. ही दोन अजून ऊन होती.