तेविसावं प्रकरण

तिला वाटलं होतं, धूळ खात पडलेली कपाटं असतील, जांभया देणारा एखादा कारकून असेल आणि आपण जाऊन सगळं नव्याने उभं करू. सात वर्षं दूरदेशी शिकताना तिने या कामाचीच स्वप्नं पाहिली होती. प्रत्यक्षात सापडल्या त्या सायकलदुरुस्तीच्या दुकानामागच्या दोन लख्ख झाडलेल्या खोल्या, एक बंद पडलेला कॉम्प्युटर आणि सकाळपासून उसंत न घेता वाजणारा फोन.

ही अंधांसाठीची बोलती लायब्ररी. इथे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची आणि इंटरनेटवरून ऐकणाऱ्यांच्या फोनवर पाठवायची. सव्वीस वर्षं वाचणारा माणूस एकच, मास्तर. ते आठ महिन्यांपूर्वी गेले. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या कॉम्प्युटरनेही मान टाकली. मागे उरल्या फोन सांभाळणाऱ्या मावशी.

"घ्या, शिंपीकाका आहेत," मावशींनी फोन पुढे केला. "लाजू नका. ते काही लाजत नाहीत."

"ताई, उद्या सकाळी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे," पलीकडचा आवाज म्हणाला. "त्याचं काही नाही. पण मास्तरांनी वाचलेल्या कादंबरीची बावीस प्रकरणं ऐकून झालीत. ती दोघं शेवटी भेटतात की नाही ते कळल्याशिवाय मी टेबलावर आडवा कसा होऊ? डॉक्टर म्हणतात, मन शांत ठेवा. कसं ठेवू?"

"मी वाचून सांगू का शेवट?"

"सांगितलात तर बोलणार नाही तुमच्याशी. मास्तरांनी जाण्याआधी वाचून ठेवलंच असणार. त्यांच्या तोंडूनच ऐकेन."

दुपारी तीन वाजता मावशींना घेऊन ती आतल्या खोलीत बसली. इंटरनेटची तार तिथेच येत होती. मास्तरांची वाचायची खोली ती. भिंतींना आवाज अडवणारा जाड लोकरी नमदा ठोकलेला, खिडकी नाही. दार लोटलं की बाहेरची ठोकाठोक जिथल्या तिथे तुटायची. मग टेबलावरचा दिवा, आपला श्वास आणि लवंगेचा मंद वास, एवढंच. वाचायला बसण्याआधी मास्तर लवंग चघळत, असं मावशी म्हणाल्या होत्या. पण आठ महिने वास टिकतो?

मेलेल्या कॉम्प्युटरमधलं सगळं तिने आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं आणि त्यातून एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं होतं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. मास्तरांचा जुना पडदा एका चौकटीत जसाच्या तसा उघडला. यादीत बावीस प्रकरणं होती, प्रत्येकासमोर मिनिटं. तेविसाव्यासमोर शून्य.

"नाव घालून ठेवलं होतं," मावशी हळूच म्हणाल्या. "वाचायचं राहिलं."

"मग मीच वाचते. रागावू देत काका." दूरदेशीच्या सात वर्षांत मराठी वाचताना तिची जीभ जरा अडखळायला लागली होती. पण आधी त्या चौकटीत नेट यायला हवं होतं. ऐकणाऱ्यांचे पत्ते त्या जुन्या प्रोग्रॅममध्येच होते आणि पुस्तक जायचं ते तिथूनच.

चौकटीतल्या मशीनला बाहेर जायला वाटच दिसत नव्हती. नव्या पद्धतीचं नेटवर्क कार्ड त्याला ओळखू येईना. तिने सेटिंगमध्ये जुन्यातलं जुनं कार्ड निवडलं आणि ते जोडलं गेलं. तरी एकही साइट उघडेना. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं.

आत आठ महिन्यांपूर्वीची तारीख होती.

"मावशी, ही तारीख..."

"त्यांचा शेवटचा दिवस," मावशी म्हणाल्या. "संध्याकाळी घरी गेले, ते गेलेच."

तारीख चुकली की सुरक्षित साइट दार उघडत नाहीत, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिने आजची तारीख घातली. दोन मिनिटांनी पाहिलं, तर जुनीच. पुन्हा घातली. पुन्हा जुनी. आपोआप वेळ जुळवायची सोय तिने चौकटीत बंद केली, लॅपटॉपवरही बंद केली. तिसऱ्यांदा तारीख घातली आणि दोघी श्वास रोखून कोपऱ्याकडे बघत बसल्या. आकडे सावकाश, कुणीतरी बोट धरून मागे न्यावेत तसे, मागे गेले.

नमद्याआड कुठेतरी... पान उलटल्यासारखं काहीतरी झालं.

मावशी पुटपुटल्या, "त्यांना सांगा ना कुणीतरी."

तिला हसू आलं आणि अंगावर काटाही. पण उद्या सकाळी एक माणूस टेबलावर आडवा होणार होता. मास्तरांच्या मोकळ्या खुर्चीकडे वळून ती म्हणाली, "मास्तर, आठ महिने झालेत. शिंपीकाकांचं उद्या ऑपरेशन आहे. आम्हाला बाहेर जाऊ द्या."

चौथ्यांदा घातलेली तारीख टिकली. प्रोग्रॅममधला लाल ठिपका हिरवा झाला. "मावशी, लागलं, नेट लागलं!" ती ओरडली. मावशींनी तिला मिठीच मारली आणि धक्क्याने दिवा कलंडला. दोघी लॅपटॉपच्या उजेडात खिदळत बसल्या.

सावरून ती पुस्तक आणायला बाहेरच्या कपाटाशी गेली. ते सापडायलाच तासभर गेला. पहिली ओळ मनात घोळवत ती पान शोधत असतानाच फोन वाजला.

"ताई, भेटली हो दोघं," शिंपीकाका रडत होते की हसत होते, कळेना. "पण लायब्ररीत एवढा गोंधळ कसला? मास्तरांना मध्येच थांबावं लागलं."

दोघी आत धावल्या. यादीत तेविसाव्यासमोर एकतीस मिनिटं होती. पाठवून झालं होतं. तिने ऐकायचं बटण दाबलं.

खुर्ची करकरली. घसा खाकरला. मास्तरांचा खर्जातला आवाज संथपणे वाचू लागला. विसाव्या मिनिटाला, त्याच्या मागे, जरा दूर, एक बाई ओरडली, "मावशी, लागलं, नेट लागलं!" आणि काहीतरी कलंडलं. मास्तर थांबले. आवाज निवेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. हलकेच हसले. आणि पुढचं वाक्य वाचू लागले.

व्हर्च्युअल मशीनला मायक्रोफोन तिने जोडलेलाच नव्हता. खोलीतला मायक्रोफोनही आठ महिन्यांपासून कपाटात होता.

दुसऱ्या दिवशी अकराला निरोप आला. शिंपीकाका शुद्धीवर आले होते आणि आता कुठलं पुस्तक, असं विचारत होते.

ती दूरदेशाहून नव्या यंत्रणेचा मोठा आराखडा घेऊन आली होती. नवी यंत्रणा येईल, तिने ठरवलं, सकाळी आपण वाचू, चुकत-माकत वाचू. पण हे मशीन बंद होणार नाही आणि त्याचं नेटही तुटणार नाही. मावशींनी विचारलं, आतल्या टेबलावर आता कुठलं पुस्तक ठेवायचं? तिने कपाटातल्या पुस्तकांवरून बोट फिरवलं.

"सगळ्यात जाडं कुठलं आहे?" ती म्हणाली. "ते ठेवू."

पहिलं पान उघडून तिने ते दिव्याखाली ठेवलं आणि दार लोटलं. क्षणभराने आत खुर्ची करकरली. मावशींनी ओठांवर बोट ठेवलं आणि दोघी पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत गेल्या.