बिनवासाची आठवण

"विरळ हवेत माणूस मरतो ते नंतर," डॉ. शाल्मली दीक्षित म्हणाल्या. "आधी तो विसरतो. एकोणीस हजार फुटांवर मेंदू दिवसातले दोन-तीन तास सरळ गाळून टाकतो."

प्रयोगशाळेतल्या खुर्चीत सुभेदार अंकुश भोईटे मान वाकवून बसले होते. निवृत्तीला चार वर्षं झाली होती. पण युद्ध पेटलं, आणि सीमेवरच्या हिमनदीवर तीन हिवाळे काढलेला दुसरा माणूस सैन्याला सापडेना, म्हणून त्यांना साताऱ्याहून परत बोलावून घेतलं होतं. त्यांच्या कानामागे आत्ताच बसवलेल्या चकतीचं नाव होतं स्मृतिपूरक. टेबलावरच्या चहातून वाफ निघत होती.

"गाळलेली जागा ही चकती भरते," अभियंता कर्णिक म्हणाले. "आधी काय घडलं, नंतर काय घडलं ते बघते आणि मधे जे घडण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याचं चित्र आणि आवाज तयार करते. युद्धातल्या लाखो नोंदींवर शिकवलंय तिला."

"म्हणजे अंदाज. आणि तो खरा म्हणून डोक्यात बसवायचा?"

"आठवणीत भोक पडलेला शिपाई सैरभैर होतो, बाई. त्यापेक्षा अंदाज बरा."

डॉक्टर भोईट्यांकडे वळल्या. "सुभेदारसाहेब, एक खूण ध्यानात ठेवा. चकतीला वास बनवता येत नाही. ज्या आठवणीला वास नाही, ती तुमची नाही."

महिनाभराने हिमनदीवरच्या चौकीवर तोफगोळा पडला, आणि त्या धक्क्याने वरचा बर्फाचा कडा खाली आला. चौकीत माणसं दोनच होती, भोईटे आणि हवालदार पोपट शिंगाडे. पोपट माणदेशातला. घरच्या कांदा-लसूण मसाल्याचा गोल डबा तो छातीशी बाळगायचा आणि मिळेल त्या अन्नात तो मसाला कोंबायचा. चहा तेवढा त्यातून सुटला होता. भोईट्यांना तो अण्णा म्हणायचा.

पुढचं भोईट्यांना लख्ख आठवत होतं. पोपट फाटक्या तंबूतून बाहेर धावला. पांढऱ्या कोटातल्या एका शत्रुसैनिकाने बंदूक उचलली. त्याच्या भुवईवर जखमेचा जुना व्रण होता. "अण्णा!" अशी हाक मारून पोपट तोंडावर पडला.

आज तिसरा दिवस. बिनतारी यंत्र बर्फाखाली गेलं होतं, पोपटचा देहही कुठे दिसला नव्हता. अर्धा पुडा बिस्किटं आणि वितळवलेला बर्फ, एवढ्यावर भोईटे तग धरून होते. डाव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती. तरी ते परत फिरले नव्हते. पोपटला मारणारा सापडेपर्यंत मरायचं नाही, एवढं एकच त्यांनी ठरवलं होतं, आणि त्याच्या बुटांच्या ठशांमागे ते चालत होते. काल मात्र भलतंच दिसलं. त्यांच्या स्वतःच्या ठशांवर त्याचे ठसे उमटलेले होते. कोण कोणाच्या मागावर आहे, तेच त्यांना कळेना.

दुपारी एका कपारीत तो सापडला. एकटाच. भुवईवर व्रण, आणि हातात पोपटचा डबा.

भोईट्यांनी बंदूक रोखली. त्याने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "अण्णा."

भोईट्यांचं डोकं फिरलं. "हरामखोरा! मरताना त्यानं मारलेली हाक मला ऐकवतोस?"

तो न कळणाऱ्या भाषेत भराभर बोलू लागला. दरीकडे हात केला, स्वतःच्या पायावर थाप मारली, डबा पुढे धरला. लूट परत करून जीव मागतोय, भोईट्यांना वाटलं. त्यांचं बोट चापावर गेलं.

आणि नेमकी डॉक्टरबाईंची खूण आठवली. पोपट पडला तेव्हा वास कसला होता? गोळी तर वीस पावलांवरून सुटली होती. बंदुकीच्या दारूचा वास? फाटलेल्या तंबूचा, सांडलेल्या रॉकेलचा? काहीच येईना. मग ही आठवण आपली नव्हे?

पण ती प्रयोगशाळा? चहा होता, वाफ दिसत होती. आल्याचा होता की वेलचीचा? स्पिरिटचा वास? तिथेही काहीच नव्हतं. खूण खरी धरली तर ती सांगणारी बाईच खोटी ठरत होती. बाई खोटी म्हटली तर खूण आली कुठून? त्यांनी तीनदा विचार केला आणि तिन्ही वेळा गुंता वाढला. आपल्या डोक्यात आपलं असं काय उरलंय, या भीतीने त्यांना रडू येऊ लागलं.

"बस तिथंच. हललास तर उडवीन," असं म्हणून ते समोर कातळाला टेकले. बंदूक मांडीवर होती. डोळे कधी मिटले ते समजलं नाही.

सकाळी जाग येताच पहिली आठवली ती गोळी. आपण चाप ओढला, तो मागे फेकला गेला, बर्फ लाल झाला, दरीत आवाज घुमला. सगळं अगदी स्वच्छ. सूड पुरा झाला होता. भोईटे डोळे मिटूनच पडून राहिले आणि समाधान वाटण्याची वाट पाहू लागले. ते काही वाटेना. पोपट नाही, एवढंच पुन्हा नव्याने कळलं.

"पोपट्या, झालं रे बाबा," ते पुटपुटले.

तेवढ्यात झणझणीत वास आला. कांदा-लसूण मसाल्याचा.

त्यांनी डोळे उघडले. भुवईवर व्रण असलेला तो माणूस छोट्या स्टोव्हवर बर्फाचं पाणी ढवळत होता आणि डब्यातला मसाला त्यात टाकत होता. त्याचा पांढरा कोट भोईट्यांच्या अंगावर होता. बंदूक मांडीवर होती तशीच होती. त्यांनी गोळ्यांची पेटी काढून पाहिली. एकही गोळी सुटलेली नव्हती.

या माणसाला आपण मारलं, हे त्यांना आठवत होतं. याने पोपटला मारलं, हेही तितकंच आठवत होतं.

ते पाणी एका मगात ओतून तो जवळ आला. पुन्हा दरीकडे हात. पुन्हा पायावर थाप, मग काडी मोडल्यासारखी खूण. मग दोघांनी मिळून काहीतरी जड उचलायची खूण. शेवटी त्याने डबा भोईट्यांच्या हातात दिला, आणि पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसं अडखळत, एकेक शब्द सावकाश उच्चारून म्हणाला, "अण्णा. लौकर. ये."

भोईटे त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. हे शब्द त्याला शिकवणारा माणूस या बर्फात एकच होता.

त्यांनी एका घोटात मग रिकामा केला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. कोट त्याच्या अंगावर टाकून ते उठले.

"चल," ते म्हणाले, "कुठाय तो?"